श्रोत्याचा रकाना

इंदुमती ऐवळे वारल्याची बातमी दीर्घयात्रा केंद्रात सकाळी सव्वादहाला आली आणि साडेदहाला डॉ. नाडकर्णींनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं.

आत तिघंच होती. यात्राप्रमुख नाडकर्णी, संदेशयंत्रणा सांभाळणारी फरझाना मुजावर आणि मेंदूविज्ञानी कुमुद हर्डीकर. समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ शांतपणे वरखाली होत पुढं सरकत होती. ती रेघ इंदुमतीबाईंच्या नवऱ्याच्या, जनार्दन ऐवळ्यांच्या मेंदूची. ते या घटकेला एकशे चाळीस कोटी किलोमीटरवर, शनीच्या कड्यांजवळ, 'दूर्वा' नावाच्या एकट्या माणसाच्या यानात बसले होते, आणि आपली बायको गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं.

जनार्दनराव बासष्ट वर्षांचे, जन्मभर दगडधोंडे तपासलेले भूशास्त्रज्ञ. यान परत यायचं नव्हतं. इंधन संपत आलं की ते शनीच्या ढगांत उतरायचं आणि तिथंच संपायचं, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर मूलबाळ नसलेला, वय झालेला माणूस निवडला होता. निघताना इंदुमतीबाईंना पत्रकारांनी विचारलं, तुम्ही परवानगी कशी दिली? त्या म्हणाल्या, "इथं तरी कुठं घरात असायचे?" सगळे हसले होते. बाई नंतर स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ बाहेर आल्या नाहीत, ते फक्त कुमुदनं पाहिलं होतं.

"कुमुदताई," नाडकर्णी म्हणाले, "तुमचा सिद्धांत मी तीनदा ऐकलाय आणि तिन्ही वेळा नुसती मान डोलवलीय. आज मला तो समजून घ्यायचाय."

कुमुदनं खुर्ची ओढली. "सर, समोर सूर्य बुडतोय. डोळ्यामागचा भाग रंग आणि आकार जुळवतो. त्यानंतर सुखाचं केंद्र उजळतं. लोकांनी आजवर सौंदर्य या दोन ठिकाणीच शोधलं. पण या दोघांच्या मधे, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणखी एक केंद्र जागं होतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे आपण ज्यानं ओळखतो, तेच हे. ते जागं झालं नाही तर सुखाचं केंद्र उघडतच नाही. माणसाला सूर्यास्त दिसतो. दिसतो आणि संपतो."

"म्हणजे सुंदर वाटायला दुसरा माणूस लागतो."

"'अगं, हे बघ' म्हणून वळायला कुणीतरी लागतं. ते वळणं म्हणजेच सौंदर्य. सूर्यास्तात ते नाही आणि डोळ्यातही नाही."

मग तिनं कोठड्यांच्या प्रयोगाचं सांगितलं. चाळीस स्वयंसेवक, प्रत्येकाला दरीकडं उघडणारी खिडकी असलेली स्वतंत्र खोली. सगळ्यांनी रोज एक पत्र लिहायचं. निम्म्यांची पत्रं घरी जायची. उरलेल्यांची एका बंद पेटीत पडायची आणि ती कुणी वाचणार नाही हे त्यांना सांगितलेलं होतं. सहा आठवड्यांत दुसऱ्या निम्म्यांनी खिडकीबाहेर बघणं सोडलं. काहींनी तर पलंग फिरवून खिडकीकडं पाठ केली. त्यांच्या डोक्यावरच्या पट्टीत मोजला जाणारा आकडा, ज्याला केंद्रात रम्यतांक म्हणत, शून्यावर आला. त्यानंतर जेवण सुटलं आणि प्रयोग थांबवावा लागला.

"आणि ऐकणारा खराच असावा लागतो?" नाडकर्णींनी विचारलं.

"नाही. तो आहे असं मनाला वाटलं पाहिजे. एवढंच पुरतं."

हे वाक्य बोलल्याचा तिला पुढं फार पश्चात्ताप झाला. कारण नाडकर्णींना तेवढंच हवं होतं. इंदुमतीबाईंचे दोन वर्षांचे संदेश साठवणीत होते. त्यांवरून स्वरछाया, म्हणजे हुबेहूब त्यांच्या आवाजात बोलणारं यंत्र, दुपारपर्यंत तयार झालं असतं. शब्द फक्त कुणीतरी लिहून द्यायचे. अजून वर्षभराची यात्रा होती. कड्यांमधल्या लाखो तुकड्यांतून कशाकडं दुर्बीण वळवायची, ते हा एक माणूस ठरवत होता. त्याचा आकडा शून्यावर गेला तर यात्रा गेली आणि कदाचित तोही.

कुमुद तासभर नको म्हणत राहिली. मग हो म्हणाली. जनार्दनराव तिथं अन्नावरून उठलेले तिच्या डोळ्यांसमोर येत होते.

खरं म्हणजे हा सिद्धांत तिला प्रयोगशाळेत सापडलाच नव्हता. तिचे वडील हरिदास. गावोगावच्या देवळांत उभं राहून त्यांनी चाळीस वर्षं कीर्तनं केली. कुमुद सातव्या वर्षापासून पेटीच्या शेजारी बसायची, आणि तिचं काम एकच होतं, हुंकार द्यायचा. बुवांचं वाक्य पुरं झालं, त्यांनी श्वास घेतला, की त्या श्वासाच्या पोटात नेमका "हं". आधी दिला तर वाक्य मोडतं, उशिरा दिला तर रंग उतरतो. वडील म्हणायचे, कीर्तन माझ्या गळ्यावर चालत नाही बाळ, समोरच्यांच्या मानांवर चालतं. एकदा गावात तापाची साथ होती, कीर्तनाला काळं कुत्रंही आलं नाही. वडील फेटा बांधून उभे राहिले. कुमुदला वाटलं, आज नाही होणार. त्यांनी गाभाऱ्याकडं तोंड केलं आणि तीन तास असं कीर्तन केलं, की तिनं पुन्हा कधी तसं ऐकलं नाही. ते कुणाला ऐकवत होते, हे तिनं त्यांना विचारलं नाही. पुढं ती विज्ञान शिकली, आणि वडील गेल्यावर देवळात जायचंही हळूहळू राहून गेलं.

इंदुमतीबाईंचे संदेश ऐकताना तिची मात्र पंचाईत झाली. जनार्दनराव वीस-वीस मिनिटं बोलत. एन्सेलाडस नावाच्या चिमुकल्या चंद्रातून उसळणारे बर्फाचे फवारे त्यांना उसाच्या गुऱ्हाळावर काहिलीतून निघणाऱ्या वाफेसारखे दिसत. कड्यांवर हलणारा काळोख म्हणजे वाळत घातलेलं घोंगडं वाटे. त्यांच्या आकड्यानं अशा वेळी नव्वदी गाठलेली असे. आणि बाईंचं उत्तर असं: "ते कडं-बिडं असू द्या. जेवलात का? डाळिंबावर तेल्या रोग पडलाय. आणि तुमच्या भावानं बांध पुन्हा कोरलाय, त्याचं काय करायचं ते सांगा." एकाही उत्तरात शनीबद्दल एक प्रश्न नाही.

फरझानानं पहिल्याच दिवशी कुमुदचा मसुदा वाचून टोकलं होतं. "मॅडम, बाई अशा बोलायच्या नाहीत. त्यांनी अर्धा संदेशसुद्धा कधी ऐकला नसेल. तुम्ही फार चांगलं ऐकताय."

कुमुदनं लिहिलेल्या संदेशात डाळिंबं होती, बांध होता, जेवणाची चौकशी होती. पण शेवटी तिच्याच्यानं राहवलं नाही. माणूस एवढा जीव ओतून सांगतोय आणि समोरून हुंकारच नाही, हे हरिदासाच्या मुलीला सोसेना. तिनं एक ओळ वाढवली: 'मग त्या वाफेतून मागचे तारे दिसतात का हो?'

तो संदेश गेला. तिकडं पोचायला एक तास वीस मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. उत्तर आलं ते त्रोटक, तब्येत बरी नसल्याचं. पुढं काही दिवस रेघ नीट उमटेना, म्हणून फरझानानं दुरून पट्टीची जुळणी बदलली. मग आकडा पुन्हा चढला, पंच्याऐंशी, नव्वद, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डाव साधला होता.

महिने गेले. दर तिसऱ्या दिवशी कुमुद कानाला यंत्र लावून बसे आणि जनार्दनराव तिला शनी दाखवत. कड्यांत अडकून पडलेले घराएवढे गोळे, त्यांच्यामागे उठणाऱ्या लाटा, उत्तर ध्रुवावरचं ते षटकोनी वादळ. ती ऐके आणि विचारे, लाट डावीकडून येते की उजवीकडून, वादळाच्या कोपऱ्यात रंग गडद असतो का. त्यांनी उत्तरं शोधायला दुर्बीण वळवली आणि त्यातून दोन नवे शोध लागले. नाडकर्णी खूश होते. कुमुदनं मात्र आरशात बघून केस विंचरणं सोडलं होतं.

यानाचं शेवटचं उतरणं तीन आठवड्यांवर आलं, तेव्हा ती नाडकर्णींच्या खोलीत गेली. म्हणाली, त्यांना सांगायचं.

नाडकर्णींनी समजावून पाहिलं. एवढे दिवस निभावलं, आता माणसाला सुखानं जाऊ द्या. शेवटच्या एकवीस दिवसांत त्याच्या डोळ्यांतला शनी काढून घ्यायचा, ही कुठली दया?

"इंदुमतीबाईंचं वर्षश्राद्ध येतंय, सर. मूल नाही. पाणी द्यायचं तर त्यांनीच द्यायचं."

"अहो, विज्ञानाचा माणूस तो. मानतो तरी का हे सगळं?"

"मानायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. तो हक्क आपण काढून घेतलाय. आपण मेल्यावर बायको विधवा होणार, तिच्याकडं बघायला कुणी नाही, या घोरात तो माणूस मरणार आहे. त्याला कळू दे, की ती पुढं गेलीय."

नाडकर्णी बराच वेळ टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत बसले. मग म्हणाले, "आवाज कुणाचा वापरणार?"

"माझाच."

त्या सकाळी तिनं सगळं सांगितलं. इंदुमतीबाई झोपेतच गेल्या, हाल झाले नाहीत. दहन गावच्या ओढ्याकाठी झालं, पुतण्यानं अग्नी दिला. त्यानंतरचे सारे संदेश माझे. माझं नाव कुमुद हर्डीकर. क्षमा मागायचं तोंड मला नाही.

उत्तर दोन तास चाळीस मिनिटांनी यायला हवं होतं. आलं नाही. फरझानानं खुलासा केला, की यान आता कड्यांच्या आतल्या फटीतून जातंय. धुळीच्या माऱ्यापासून वाचायला मोठी अँटेना ढालीसारखी पुढं धरावी लागते. बोलणं बंद, नोंदीही बंद. हे आधीच ठरलेलं होतं. तरी नाडकर्णींना ते पटेना. आठ दिवस गेले, पंधरा गेले, वर्षश्राद्धाची तिथी येऊन गेली. कुमुदनं त्या दिवशी घरी पान वाढून बाहेर ठेवलं आणि कावळ्यानं ते शिवलं की नाही हे बघायला ती थांबली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी सव्वातीनला पडदा उजळला. साठलेल्या नोंदी आधी आल्या. फरझानानं वाचता वाचता पडदा कुमुदकडं वळवला. सत्य सांगितल्यानंतरच्या तीन आठवड्यांत रम्यतांक एकदाही ऐंशीच्या खाली आला नव्हता.

मग आवाज आला, खरखरीत, जरा दमलेला.

"कुमुदताई, तुमचं नाव कळलं, बरं झालं. इतके दिवस मनात नुसतं 'त्या बाई' म्हणत होतो. इंदी गेली ते मला तुमच्या पहिल्याच संदेशात कळलं होतं. आवाज तिचा. पण तुम्ही विचारलंत, वाफेतून तारे दिसतात का. चाळीस वर्षांत इंदीनं मला असा प्रश्न विचारला न्हाई. विचारला असता, तर मीच मेलोय असं समजलो असतो."

फरझाना हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी तेरा दिवस पाळले. पाणी सोडलं. इथं पाणी खाली पडत न्हाई. हातातनं सुटलं, त्याचा गोळा झाला आणि समोर तरंगत राहिला. कुठं जायचं ते त्याला कळंना. मलाबी कळंना. शेवटी फडक्यानं टिपून घेतलं. ते फडकं अजून आहे माझ्याजवळ.

"इंदी ऐकायची न्हाई, हे तुम्हाला दिसलं असणार. तिला आकाशाचं काडीचं कौतुक न्हवतं. म्हणून तर मी जन्मभर दाखवत सुटलो. हिनं एकदा तरी मान वर करून बघावं, म्हणून दगडातनं, डोंगरातनं, शेवटी इथवर येऊन शोधून शोधून दाखवलं. ती बघत न्हवती म्हणून मला एवढं दिसलं. ती गेली तसा शनीबी गेला. चेंडू उरला नुसता. तेरा दिवस.

"मग चौदाव्या दिवशी कड्यांवर शनीची सावली पडलेली बघितली आणि वाटलं, त्या बाईंना सांगायला पाहिजे, त्या विचारतील, सावलीची कड मऊ आहे का धारदार. तुम्ही विचारलंतच. त्यानंतर मी इंदीचं नाव घेऊन एकदाही बोललो न्हाई, तुमच्या ध्यानात आलं न्हाई का?"

आलं नव्हतं. कुमुदनं फरझानाकडं पाहिलं. फरझानानं घाईनं मागच्या नोंदी काढल्या. पहिल्या संदेशानंतर जी रेघ नीट उमटत नव्हती, ती मोजून तेरा दिवस सपाट होती. पट्टी नादुरुस्त नव्हती. यंत्रानं तेव्हाच सांगितलं होतं, की या माणसाचं ऐकणारं कुणी उरलं नाही. आणि चौदाव्या दिवशी सांगितलं होतं, की आता आहे. कोण आहे, ते यंत्र कधीच सांगत नव्हतं. ते तिघांनी आपापल्या सोयीनं गृहीत धरलं होतं.

"तुम्ही खोटं बोललात, त्याचा राग न्हाई," आवाज पुढं म्हणाला. "राग एकाच गोष्टीचा आहे. अकरा महिने मी दाखवतोय. तुम्ही मला एकदाबी काय दाखवलं न्हाई. माझा माणदेश तुमच्या खिडकीभायर आहे. एक ढेकूळ न्हाई, एक पाखरू न्हाई. तुम्हाला दाखवायला कुणी न्हाई का हो, ताई?

"आता अँटेना पृथ्वीकडनं फिरंल. ढगाचा वरचा थर लागला. रंग बदलतोय. पिकल्या बोरावानी… आतनं उजेड येतोय, हे बघा…"

खरखर झाली आणि आवाज थांबला. पडद्यावर यानाच्या नावापुढं एक रिकामी चौकट तेवढी राहिली. हे सगळं तिकडं एक तास वीस मिनिटांपूर्वी होऊन गेलं होतं. ते बोलायला लागले, तेव्हा इथं सगळी जेवून नुकतीच हात धूत होती.

नाडकर्णी उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. कुमुद बाहेर पडली.

तिच्या केसांत मोजणीची पट्टी तशीच होती. वर्षभर ती रोज कामावर असताना लावायची. यात्रिकाच्या आकड्याची तुलना करायला जमिनीवरच्या एका माणसाचा आकडा लागतो आणि त्यासाठी दुसरं कुणी सापडलं नव्हतं. तिचा आकडा तीन-चाराच्या वर कधी गेला नाही. फरझानानं एकदा विचारलंही होतं. कुमुद म्हणाली होती, मी ऐकणारी आहे, मला कसला आकडा.

बाहेर उन्हं कलती झाली होती. पठारावर लांबवर गवत जळून पिवळं पडलेलं. वाडीला पाणी देऊन टँकर परत गेला होता. त्याची तोटी गळकी, त्यामुळं डांबरावर पाण्याची एक बारीक, वाकडीतिकडी ओल थेट उतारापर्यंत गेली होती. आणि त्या ओलीवर, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत, पिवळी फुलपाखरं बसली होती. पंख मिटून, एकाला एक लागून, पाणी पीत. अर्धा मैल रस्त्यावर हळदीची रेघ ओढल्यासारखी. वाऱ्याची झुळूक आली की रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं शहारत जायची.

कुमुद रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिच्या हातात यंत्र नव्हतं. ती बोलायला लागली. आधी पुटपुटत, मग मोकळ्या आवाजात. टँकरबद्दल सांगितलं, तोटीबद्दल, फुलपाखरांबद्दल. एवढ्या दुष्काळात ही इतकी आली कुठून, असं विचारलंही.

फरझाना नोंदपाटी घेऊन मागून आली.

"मॅडम, एक्क्याण्णव."

कुमुदनं मान वळवली.

"तुमचा आकडा. दहा मिनिटं झाली, खाली येत नाहीये." तिनं पाटीकडं पुन्हा पाहिलं. "पण ते तर गेले… तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग कुणाला सांगताय? सिद्धांत तर म्हणतो…" फरझाना थांबली. सिद्धांत काय म्हणतो, ते सांगणाऱ्या बाईच समोर उभ्या होत्या. तिनं पाटी पुढं केली. प्रत्येक नोंदीत आकड्यापुढं एक रकाना असे: श्रोता. जनार्दनरावांच्या वर्षभराच्या नोंदींत तिथं 'पत्नी' लिहिलेलं होतं. "इथं काय लिहू?"

कुमुद त्या रकान्याकडं पाहत राहिली. ऐकणारा आहे असं मनाला वाटत नसेल, तर आकडा हलत नाही. चाळीस माणसांवर ताडून पाहिलेलं तिचंच वाक्य होतं ते. जनार्दनराव नव्हते, इंदुमतीबाई नव्हत्या, वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं एकेक नाव मनात घेऊन पाहिलं. एकही बसलं नाही. आणि आकडा तर एक्क्याण्णव होता.

"कोरा ठेव," ती म्हणाली. "पण त्यावर रेघ मारू नकोस."

फरझानानं तसंच केलं. ओल कडेनं सुकत चालली होती, आणि फुलपाखरं दोन-दोन, चार-चार करून उठायला लागली होती. कुमुदचे डोळे वाहत होते. ते न पुसता ती दोन पावलं पुढं गेली आणि उरलेलं सांगू लागली.